वस्तीच्या गाडीची पेज

आंबेकोंडला वस्तीला जाणारी शेवटची एस्टी रत्नागिरीच्या स्टँडवरून सुटायची, तेव्हा इंजिनाच्या आधी महिपत कंडक्टर सुरू व्हायचा.

"चला भाट्ये, पावस, आंबेकोंऽऽड! ओ टोपीवाले, मध्ये उभे राहू नका, मध्ये काय तुमच्या लग्नाचा मांडव घातलाय? पुढे सरका. पुढे अख्खी गाडी मोकळी आहे, सगळ्यांना दारातच काय हळदीकुंकू आहे? मावशी, टोपली मांडीवर घ्या. मांडीवर मावत नसेल तर तुम्ही टोपलीत बसा!"

मावशी हसायच्या, टोपीवाले पुढे सरकायचे, आणि महिपत तिकिटाचा चिमटा दांड्यावर कटकट वाजवत गर्दीतून असा जायचा, की जणू देवाची पालखी निघालीय आणि बाकीच्यांनी वाट द्यायची आहे. अंगानं भरलेला, खाकी शर्टाचं पोटावरचं बटण कायम तुटायच्या बेतात, आणि जीभ अशी की समोर कलेक्टर आला असता तरी त्यालाही म्हणाला असता, "सुट्टे काढा."

अशा या महिपतला मराठी भाषेतला एक शब्द मात्र येत नव्हता. समोर पान मांडलेलं असलं आणि वाढणारीच्या हातात पळी असली, की त्याला 'नको' म्हणता यायचं नाही.

त्याला कारण होतं. आई तो रांगत असताना गेली. बाप मुंबईला गिरणीत. चुलत्याच्या घरी जेवायला बसलं की चुलती भातावर आमटी घालायच्या आधी एक सुस्कारा घालायची. पुढं मुंबईच्या खानावळीत भात संपला की मालक पळी वाजवून सांगायचा, "उठा!" लग्न झालं, संसाराची चूल जेमतेम धरते आहे तोच बायको तापानं गेली. एस्टीत लागल्यावर रत्नागिरीत खोली घेतलीन, स्टोव्ह घेतलान आणि बटाट्याचा रस्सा करायला शिकला. रोज एकच रस्सा. त्याचं नावसुद्धा त्यानं 'रोजचाच' असं ठेवलं होतं.

आणि मग त्याला आंबेकोंडची ड्युटी मिळाली.

ही ड्युटी डेपोत कुणाला नको असायची. रस्ता म्हणजे खड्ड्यांना जोडणारं डांबर. पावस सोडलं की मैलोगणती उघडा सडा, म्हणजे नुसता काळा कातळ, त्यावर ना झाड ना सावली. पण आंबेकोंडची एक रीत होती. गाडी पहिल्यांदा गावात मुक्कामाला आली त्या रात्री ड्रायव्हर-कंडक्टर शेंगदाणे खाऊन गाडीतच झोपले. सकाळी ते गावाला कळलं. देवळात बैठक बसली, आणि गावचे मानकरी आप्पा खोत म्हणाले, "गाडी आपल्या गावात निजली, म्हंजे ती आपली पावनी. पावना उपाशी निजला तर गावाची अब्रू काय ऱ्हायली?" तेव्हापासून रोज एका घराची पाळी. त्या घरानं गाडीच्या माणसांना जेवायला घालायचं.

आता पाळी म्हटली की चढाओढ आली. एका घरानं घावणे केले की दुसऱ्यानं वडे तळले. एकीनं खाडीचे मुळे, म्हणजे शिंपल्या, सुके केले की दुसरीनं कोंबडी कापली. साधं कुळथाचं पिठलं वाढलं तर वाडीत महिनाभर बोललं जाई, "कुळीथ वाढलान गो तिनं, गाडीच्या मान्सांना!" नऊ वर्षं महिपत त्या गावात असा जेवला. ज्या माणसाच्या भातावर लहानपणी सुस्कारे पडले, त्याला रोज एक वेगळी बाई "अजून घे रे, अजून घे" म्हणायची. त्यानं घेतलं. सगळं घेतलं.

त्याच्याबरोबर जेवायला असायचा ड्रायव्हर सदू. हा लांज्याकडचा, काडीसारखा, आणि दिवसाला पाच-सहा वाक्यं बोलणारा. त्यातली तीन एकच असायची: "अन्न आहे ते. टाकायचं कशाला?" महिपतच्या पानात राहिलेलं, शेजारच्या पानात राहिलेलं, टोपाच्या बुडाला लागलेलं, सगळं सदूच्या पोटात जायचं आणि कुठं जायचं ते देव जाणे. अंगावर तर काही दिसायचं नाही.

मग एका चैत्रात महिपतचं पोट बिघडलं.

पहिल्यांदा त्यानं मनावर घेतलं नाही. पोट आहे, बिघडायचंच. पण ते बिघडलं ते बिघडलंच. कळ यायची ती विचारून नाही यायची. जुलाब, आव, पुढंपुढं रक्तसुद्धा. खाकी शर्टाचं बटण आता अगदी निवांत बसायला लागलं, कारण आतलं पोटच ओसरलं. आणि कळ यायला जागा कुठली सापडावी? सडा! जिथं मैलभर माणूस उभा असला तर दिसतो, बसला तर जास्त दिसतो.

सबंध सड्यावर आडोसा म्हणून एक करवंदाची जाळी होती. एस्टीत एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. महिपत आता तीन द्यायला लागला. तीन घंटा झाल्या की सदू काही न विचारता त्या जाळीशी गाडी उभी करायचा, महिपत उतरून पळायचा, आणि साठ माणसं खिडकीच्या उलट्या बाजूला बघत बसायची. पंधरा दिवसांत ती जाळी स्टॉपच झाली. जवळच्या वाडीतली माणसं सरळ सांगू लागली, "एक अर्धा, महिपतच्या जाळीपर्यंत."

कोकणात माणूस आजारी पडला आणि त्याला औषध कुणी सांगितलं नाही, असं कधी घडलेलं नाही. महिपत तर सगळ्यांचाच.

निवृत्त शिक्षक आणि आंब्याच्या बागेचे मालक गोपाळकृष्ण आठल्ये पहिल्या बाकावर बसायचे. त्यांचं बोलणं निम्मं तोंडातून आणि निम्मं नाकातून. "हें बघ महिपत, ही ग्रहणीं. ग्रहणीला कुटज. कुटजाची साल, ताकात. कुटज म्हणजे—"

"म्हणजे कुडा ना मास्तर? तो काय खिडकीबाहेर फुललाय."

"कुडाच. पण कुटज म्हटल्याशिवाय गुण येत नाहीं."

आणि ते खरोखर कुड्याची साल कुटून पुडीत घेऊन आले. कडू इतकी, की महिपतनं ती घेतल्यावर गाडीभर माणसांची तोंडं वाकडी झाली.

मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी आले. त्यात परळचा बाळा. शर्टाची वरची दोन बटणं उघडी, गळ्यात रुमाल. "महिपतदादा, टेन्शन नाय घ्यायचं. आपल्याला पण झालेलं हे. इसबगोल मार. रात्री दोन चमचे, वर लिंबू सोडा, सकाळी एकदम फस्क्लास!"

मग मागच्या बाकांवरून कुणी बेलाचा मुरंबा दिला, कुणी डाळिंबाची साल. एका म्हातारीनं तर "पोटातली घाण भाईर पडल्याबिगर बरा न्हाय वाटायचा" म्हणून एरंडेलाची बाटलीच हातात ठेवली. आणि महिपतला तो शब्द येत नव्हता! तेव्हा ज्याच्या घरची पाळी, त्याच्याकडे आधी कोंबडी-वडे किंवा फणसाची भाजी, तिखटजाळ, मनसोक्त. आणि वर त्या घरचा काढा. एका रात्री तर आठल्ये मास्तरांचा कुडा आणि म्हातारीचं एरंडेल एकाच पोटात एकाच वेळी गेलं. दुसऱ्या दिवशी जाळीशी गाडी इतका वेळ उभी राहिली, की माणसांनी उतरून करवंदं खाल्ली.

शेवटी सदू त्या आठवड्यातलं सगळ्यात लांब वाक्य बोलला: "म्हैपत, डॉक्टरकडे चल, नाहीतर मी तुला पार्सलमध्ये घालून नेतो."

डॉक्टर वासंती सप्रे यांनी तपासलं, दुर्बिणीतून पाहिलं, आणि चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "रात्री जेवता काय?"

महिपतनं मागच्या आठवड्याचं सांगायला सुरुवात केली. सोमवारी वडे-कोंबडी. मंगळवारी मुळ्यांचं सुकं. बुधवारी फणसाची भाजी आणि सांदणं.

"सांदणं कुणाकडची?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि मग स्वतःच ओशाळून चष्मा खाली घेतला. "बरं, ते राहू दे. आणि औषध काय घेता?"

महिपतनं तेही सगळं सांगितलं.

"अहो कंडक्टर! एकजण म्हणतो थांब, दुसरा म्हणतो चल. तुम्हीच सांगा, एक घंटा आणि दोन घंटा एकदम दिल्यात तर ड्रायव्हरनं काय करायचं?"

बाहेर बाकावर बसलेला सदू ओरडला, "खड्ड्यात घालायची!"

"बरोबर. नीट ऐका. तुमच्या मोठ्या आतड्याला आतून सूज आलीय, ते सोललं गेलंय. गुडघा सोलला तर त्यावर रोज रात्री कुणी मसाला चोळतं का? या गोळ्या रोज, न चुकता, बरं वाटलं तरी. आणि सूज ओसरेपर्यंत साधं, मऊ. पेज, आटवल भात, पिकलं केळं, सोसलं तर पातळ ताक. तिखट, तळलेलं, फणस बंद. काढे बंद."

"कुडासुद्धा?" महिपतला आठल्ये मास्तरांचं नाक डोळ्यांसमोर आलं.

"कुडा वाईट असं मी म्हणत नाही. माझी आजीही द्यायची. पण आत्ता नको, आणि पुढं घेतलात तर मला सांगून. कोण काय पाजतंय ते मला कळल्याशिवाय मी कुणाशी भांडू, रोगाशी की गावाशी? आणि हो, हे दुखणं हट्टी असतं. पुन्हा डोकं वर काढू शकतं. तेव्हा गोळ्या सोडायच्या नाहीत."

तिथून तो डेपोत आला, तर कंट्रोलरसाहेब वाटच बघत होते. "रेवाळे, तुमची गाडी रोज उशिरा. सड्यावर तुम्ही नवीन स्टँड उघडलाय म्हणे? तब्येतीचं मला कळतं हो. म्हणूनच सांगतो, चौकशीच्या खिडकीत बसा. पंखा आहे, बसून काम."

दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. महिपतचा चेहरा उतरला. खिडकीला जाळी होती. जाळीतून माणसं गाड्या विचारतात. जाळीतून कुणी कुणाला जेवायला बोलावत नाही. खोली, स्टोव्ह आणि 'रोजचाच'!

"साहेब, औषध आजच चालू केलंय. गुण येईल."

साहेब भले होते. म्हणाले, "ठीक. महिनाअखेरीला चेकर पाठवतो. संध्याकाळच्या गाडीनं जाईल, सकाळच्या गाडीनं परत येईल. तुमच्यामुळं गाडी सड्यावर थांबली नाही, तर तुमची ड्युटी तुम्हाला. थांबली, तर खिडकी."

त्या संध्याकाळी गाडी सुटायच्या आधी सदूनं महिपतची तालीम घेतली. सदू झाला वाढणारी बाई.

"घे रे, वडा घे," सदू आपल्या फाटक्या आवाजात म्हणाला.

"नको," महिपत म्हणाला.

"जमलं की!"

"तुझा वडा कोण खाईल? खरी बाई वाढायला आली की बघ."

आणि पाळी कुणाची असावी? हौसाकाकीची. हौसाकाकी म्हणजे वाडीच्या टोकाला एकटी राहणारी बाई. परसात भाजी पिकवायची आणि सकाळच्या गाडीनं रत्नागिरीला नेऊन विकायची. आवाज असा की पडवीतून हाक मारली की सड्यावरची गुरं माना वर करायची. तिच्या घरची पाळी म्हणजे तिला सण. महिपत आणि सदू पडवीत बसले, आणि तिनं पान मांडता मांडताच सांगितलं, "शिमग्यापासना राखून ठेवला व्हता कोंबडा. शेजारीण मागायची, पावना मागायचा. मी म्हटला, न्हाय. ह्यो माज्या महिपताचा हाय. आज कापला. घे, ह्यो तांबडा रस्सा घे. रोडावलास मेल्या, तुजा तोंड कसा सुकला बग!"

महिपतनं तोंड उघडलं. पलीकडून सदूनं त्याला कोपरानं ढोसलं. महिपतच्या ओठांवर 'न' आला. काकीची पळी वर थांबली.

"न... नळी द्या," महिपत म्हणाला. "नळीचा तुकडा."

सदूनं डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला तीन घंटा तीनदा झाल्या. तिसऱ्यांदा जाळी कधीच मागं पडली होती, म्हणून सदूला गाडी उलटी न्यावी लागली. महिपत परत आला तेव्हा दांड्याला धरून उभा होता, पण दांडा त्याला धरून होता असं म्हटलं तरी चाललं असतं.

हौसाकाकी भाजीच्या टोपल्या घेऊन याच गाडीत होती. "डायवर," ती म्हणाली, "ह्याला काय झाला हाय? डाक्टरकडं ग्येलता का न्हाय ह्यो?"

महिपतनं सदूकडे असं बघितलं, की त्यात विनंती, धमकी आणि दोस्ती सगळं होतं. सदूनं समोरच्या काचेकडे बघत सांगून टाकलं. आतड्याला सूज आहे. गोळ्या आहेत. पेजेशिवाय काही खायचं नाही. काल दुपारीच सांगितलंन डॉक्टरनं. महिनाअखेर चेकर येणार, गाडी थांबली तर ह्याची बदली खिडकीत.

टोपलीतली माठाची जुडी घसरून खाली पडली. हौसाकाकी उठून उभी राहिली.

"काल दोपारी सांगितलान? आन राती माजा कोंबडा खाल्लास?"

"काकी—"

"नळी मागून खाल्लास!"

"काकी, तुम्ही नऊ वर्षं मला घातलंत. मी तुमच्या दारात बसून पेज कशी मागू? शिमग्यापासून कोंबडा राखलेला, आणि मी म्हणू, ठेवा तो, मला पेज द्या? उद्या तुम्ही म्हणाल, ह्याला आमचं अन्न चालत नाही. मग मी कुठल्या तोंडानं यायचं?" महिपत म्हणाला. हा माणूस साठ जणांना ओरडून पुढं सरकवायचा. त्याचा आवाज आता चिमट्याच्या कटकटीएवढाही निघेना.

हौसाकाकीनं टोपली पायानं बाजूला सारली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तू येडा हायस काय रं? कोंबडा कोणाला कापतात? पावन्याला! जावय आला, कोंबडा. व्याही आला, कोंबडा. आन पेज कोण पितो? मी पितंव. माजा धनी व्हता, तो पियायचा. माजी पोरा पियायची. पावन्याला पेज वाढली त शेण घालतील तोंडात. घरच्याला वाढली त कोण काय बोलील? नऊ वर्सा तुला कोंबडा घातला, म्हंजे नऊ वर्सा तू पावना व्हतास. आता मेल्या घरचा झालास. गुमान पेज पी!"

बाळा मागून म्हणाला, "एक नंबर बोललीस, काकी!"

"तू गप. सोडा पाजतो मोठा!"

महिपतनं तोंड खिडकीकडे वळवलं आणि उगाचच चिमटा दांड्यावर वाजवला. मग दोन घंटा दिल्या. बराच वेळ तो तिकिटं फाडायला पुढं आलाच नाही, आणि कुणी मागितलीही नाहीत.

त्या रात्रीपासून आंबेकोंडात पेजेचा काळ आला. आणि गाव ते आंबेकोंडच. पेज झाली म्हणून चढाओढ थोडीच थांबते? एकीनं उकड्या तांदळाची केली, दुसरीनं तांदूळ आधी खरपूस भाजून. आठल्यांकडे आटवल भात, त्यावर लोणकढ्या तुपाचा थेंब. कुणी सुंठीची किंचित पूड, कुणी नुसतं मीठ. "आमची पेज बगा, कंडक्टर, कशी सायीसारखी हाय! तिच्याकडं काल गुठळ्या व्हत्या ना? खरा सांगा." महिपत म्हणायचा, "पेजेची शप्पथ, तोंड उघडणार नाही." काढ्यांवर हौसाकाकीचा पहारा. जो पुडी काढी त्याला ती विचारी, "डाक्टरीणबायला इचारलास?" आठल्ये मास्तर कुड्याची पुडी खिशात ठेवून रोज त्याच्या शेजारी बसायचे आणि रोज विचारायचे, "आज विचारलंस काय रे तिला?"

एक घोळ मात्र झाला. घरच्याला पेज चालते. पण सदू अजून पाहुणाच होता! त्याच्यासाठी कोंबडी-वडे चालूच. शिवाय दोघांचा स्वयंपाक करायची हातांची सवय मोडेना, म्हणून महिपतचा वाटाही समोर यायचा. "अन्न आहे ते," सदू म्हणायचा, "टाकायचं कशाला?" आणि दोन माणसांचं एकटा जेवायचा.

गोळ्या चालू, पेज चालू. महिपतची कळ आधी दिवसाआड झाली, मग कधीतरी, मग जाळी आली तरी त्याला आठवण होईना. गालांवर रंग आला. आवाज परत आला: "ओ पाहुणे, दारात लोंबकळू नका, दार काय तुमच्या आजोळचं आहे?" गाडीतल्या माणसांनी एकमेकांना डोळे घातले. पण महिनाअखेर जवळ आली तशी सबंध गाडी बोटांवर दिवस मोजायला लागली.

चेकर आले. जाड भिंगांचा चष्मा, काखेत पिशवी, बोलणं मोजकं. संध्याकाळच्या फेरीत गाडी सड्यावरून न थांबता गेली. महिपतनं कपाळाचा घाम पुसला. अजून सकाळची फेरी राहिली होती.

पाळी बाळाच्या घरची होती. चेकर म्हणजे पाहुण्यांतला पाहुणा! बाळानं मुंबईचा मान राखायचा म्हणून घरात नुसता धूर काढला. मटण, वडे, तिसऱ्यांचं सुकं, वर कापा फणसाचे गरे, आणि त्यावर आमरस. चेकर "नको, नको" म्हणत होते. त्यांना तो शब्द येत होता, पण बाळाच्या आईला तो ऐकू येत नव्हता. महिपत कोपऱ्यात आपली पेज पीत बसला होता. सदू घरच्यासारखा खात होता आणि पाहुण्यासारखं त्याला वाढलं जात होतं.

सकाळी गाडी सुटायच्या आधी आप्पा खोतांनी देवळासमोर हात जोडले. गाव गाडीभोवती उभं राहिलं.

"बा वाघजाय माते, ही आमची गाडी, ह्यो आमचा महिपत..."

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्या पोटात जी काय आग व्हती ती तू इझवलीस, तशी आजच्या दिस इझलेली ऱ्हाऊ दे..."

"व्हय म्हाराजा!"

"आन कोणाची नजर, कोणाचा कागाळी-कज्जा त्याच्या वाटंला येत आसल, त त्येची आडकाठी दूर कर गो माते!"

"व्हय म्हाराजा!" गावानं चेकरसाहेबांकडे बघत जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं. साहेब पोटावर हात फिरवत आधीच गाडीत जाऊन बसले होते.

गाडी निघाली. सडा आला. आठल्ये मास्तर डोळे मिटून पुटपुटत होते. हौसाकाकीनं टोपलीची कड घट्ट धरली होती. लांबून जाळी दिसायला लागली. महिपत दोरीपासून दूर, दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे दांड्यावर ठेवून उभा.

जाळीशी येताच गाडीनं गचका खाल्ला आणि ती थांबली.

सबंध गाडी एका सुरात म्हणाली, "मेलो!"

सगळ्यांनी महिपतकडे बघितलं. महिपत जागच्या जागी उभा. घंटा झालेली नव्हती. तेवढ्यात पुढचं ड्रायव्हरचं दार धाडकन उघडलं, आणि सदू, दिवसाला पाच-सहा वाक्यं बोलणारा सदू, "आई गंऽऽ" एवढंच बोलून, दोन्ही हातांनी पोट धरून करवंदीच्या जाळीकडे धावला.

गाडीत असं हसू फुटलं की टपावरच्या कोंबड्याही ओरडल्या. हौसाकाकी तर टोपलीवरच कोसळली. "दोगांचा एकटा खाल्लान गो! दोगांचा!"

महिपत चेकरसाहेबांकडे वळला. "साहेब, लिहून घ्या. गाडी थांबली, पण कंडक्टरमुळं नाही."

साहेबांनी काही लिहून घेतलं नाही. ते ताठ बसले होते. कपाळावर घाम आला होता. चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "त्या जाळीला... दुसरी बाजू आहे काय हो?"

"आहे, साहेब," महिपत अदबीनं म्हणाला. "पलीकडची जरा काटेरी आहे, पण एकांत चांगला. मध्ये उभे राहू नका, पुढे सरका!"

महिपतची ड्युटी त्याच्याकडेच राहिली. सूज पुढं दोनदा डोकावली, पण गोळ्या आणि पेज बघून फार थांबली नाही. त्याला गुण कशानं आला यावर मात्र गाडीत आजही एकमत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात गोळ्यांनी, आणि त्यांना साथ आहाराची. हौसाकाकी म्हणते पेजेनं, गोळ्या आपल्या चिमूटभर. आठल्ये मास्तर म्हणतात, "कुड्यानं. त्यानं घेतला नसेल, पण मीं खिशात घेऊन त्याच्या शेजारी बसत होतों ना!"

आणि सदू? त्या दिवशी जाळीतून परत आला, स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला, तेव्हा हौसाकाकीनं मागून हाक मारली.

"डायवर, आज कोणाची पाळी रं?"

"तुमच्या शेजारणीची," महिपतनं सांगितलं.

"तिला सांगतंव. आजपासना पेज दोगांना. ह्यो पण घरचा झाला."

सदूनं मान वर केली, जाळीकडे एकदा बघितलं, आणि त्याच्या तोंडून नऊ वर्षांत न ऐकलेलं वाक्य आलं.

"काकी, थोडीच वाढायला सांगा."

महिपतनं दोन घंटा दिल्या.